लाल पाण्याची ओंजळ

त्या राज्यात एकच विहीर होती आणि तिच्यावर एकच रहाट. रहाट थांबला तर राज्य थांबणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच की काय, त्याचा विचार कुणी करत नसे.

रहाट ओढणारे सगळे राज्याच्या पहिल्याच दिवशी जन्मलेले. त्यांना मुलंबाळं होत नसत. इतर आळ्यांत कुणी गेलं की महिन्याभरात नवा येई. रहाटावरची जागा मात्र रिकामी झाली की रिकामीच राही. कष्ट अखंड, म्हणून त्यांच्या घरोघरी शेकडो लोखंडी चुली अखंड पेटलेल्या असत. आणि त्यांचा एक मान होता: वर आलेल्या पाण्याची पहिली ओंजळ ओढणाऱ्यांनी प्यायची, मगच पाणी राज्यात सोडायचं.

पुढे एका आळीला थांबावं कुठे हेच कळेनासं झालं. तिथली माणसं वाढत गेली, शेजाऱ्यांची घरं बळकावत गेली. पहारेकऱ्यांना ती ओळखू येईनात, कारण ती इथलीच होती. शेवटी, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून, दरबाराने बाहेरच्या वैद्याकडून लाल अर्क आणवला. झपाट्याने वाढेल त्याला तो मारणार होता. सुक्याबरोबर ओलंही जळेल, टेकडीवरचं गवत जाईल, पण ते परत उगवेल, असं वैद्याने सांगितलं.

"आणि रहाटावरचे?" कुणीतरी विचारलं.

"ते कुठे वाढतात? त्यांना काय होतंय," दिवाण म्हणाले, आणि अर्क विहिरीत ओतला गेला.

धुरपा आणि गेनू जन्मापासून एकाच दांड्याला होते. एकाने ओढलं की दुसऱ्याच्या हाताला आपोआप कळे.

"आज ओंजळ घेऊ नकोस रे," धुरपा म्हणाली. "पाण्याचा रंग बघ."

"न पिता हात चालतील होय? आणि आपण नाही ओढलं, तर त्या आळीपर्यंत हे पोचवणार कोण?"

गेनू प्यायला. मग तीही प्यायली.

सहा वेळा अर्क आला आणि सहाही वेळा पहिली ओंजळ त्यांनीच घेतली. ती आळी ओस पडली. इकडे चुलींच्या लोखंडाशी त्या अर्काचं काय बिनसलं कुणास ठाऊक, गेनूचं घर धुराने भरलं आणि एकेक चूल विझत गेली. एका दुपारी ओढता ओढताच तो गेला. धुरपाला रडायचं होतं, पण रडायला दांडा सोडावा लागला असता. तिने दोघांचं ओझं एकटीने ओढलं. आजूबाजूचे दांडेही रिकामे होत होते. ताणून ताणून तिचे हात सैलावले, आणि पाणी थोडं थोडं कमी येऊ लागलं. दरबारात तेव्हा नगारे वाजत होते, आणि ते खोटे नव्हते. राज्य खरोखरच वाचलं होतं.

मग एके सकाळी, डोक्यावर बोटभर उगवलेल्या केसांवरून हात फिरवत, ते राज्य आपल्या घराचा जिना चढू लागलं. पाचव्या पायरीवर धाप लागून थांबलं. एका हाताने कठडा धरला, दुसरा छातीवर ठेवला.

"तुम्ही व्हा पुढे," ते नवऱ्याला म्हणालं. "मी आलेच."