मंचावरचा चोर

झाडीपट्टीतल्या आमच्या गावच्या नाटकात डोमा मेश्राम चोराचं काम करायचा. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी कुलूप उघडून चोरी झाली, आणि त्याने डोमालाच कोर्टात उभं केलं.

मालगुजाराचा वकील गरजला, "साहेब, मंचावर हा खिळ्याने कुलूप उघडतो. सगळ्या गावाने पाहिलंय. आणखी कोणता पुरावा हवा?"

न्यायाधीशांनी लेखणी उचलली.

डोमा हात जोडून म्हणाला, "सायेब, मंचावरचं खरं धरता, तं आमचे मालगुजार दरसाल हट्टानं रावण होतात. आधी सीतेला पळवल्याचा खटला चालवा. मंग माझं पाहा."

न्यायाधीश मालगुजाराकडे वळले. "होता का रावण?"

"होतो," मालगुजार पुटपुटला.

"वकीलसाहेब, दुसरा पुरावा?"

वकील खाली बसला. डोमा सुटला.