बंद झालेली हाक

एका डोंगरापलीकडच्या जंगलात एक म्हातारं सांबर राहत असे. भारी हेकट! तिथल्या पाणवठ्याचा एक रिवाज होता. उंच झाडावर बसलेला वानर चहूकडे नजर टाकी आणि धोका नसला की लांब हाक देई, "हूऽऽप!" तेवढ्या उंचीवरून शब्द खाली पोचत नसत, हाक तेवढी पोचे. ती ऐकल्यावरच सगळे पाण्यावर उतरत.

एकदा वानराने सगळ्यांना गोळा केलं. "बिबट्या झुडपात बसून आपली हाक घोकतो आहे," तो म्हणाला. "मी या कानांनी ऐकलं. म्हणून आता 'या' म्हणायला एक हाक आणि 'पळा' म्हणायला दुसरी, दोन्ही नव्या. थंडी पडेपर्यंत जुनीही देईन. मग ती बंद."

भेकर शिकलं, ससे शिकले, मोरसुद्धा शिकला. सांबर मात्र हटून बसलं. "सारा जन्म एका हाकेवर काढला. या वयात पुन्हा श्रीगणेशा कुठे करू?" वानर दोनदा येऊन म्हणाला, "काका, दोन दिवसांचं काम आहे, मी शिकवतो." सांबर म्हणालं, "बघू." आणि 'बघू' म्हणणाऱ्यांचं जे होतं तेच झालं. थंडी पडली, शिकणं राहून गेलं.

जुनी हाक थांबली. दुसऱ्यांच्या मागे जायची लाज वाटून सांबर तीन दिवस तहानेलंच राहिलं. चौथ्या सकाळी दाट धुकं पडलं होतं, आणि त्या धुक्यातून आवाज आला, "हूऽऽप!" सांबराला भरून आलं. "शेवटी माझ्यासाठी ठेवलीच की चालू," असं पुटपुटत ते निघालं.

वाटेत एकही पाखरू बोलत नव्हतं. पाणवठ्यावर कोणी नव्हतं. पुन्हा हाक आली, जशीच्या तशी. पण ती झाडावरून येत नव्हती. समोरच्या गवतातून, जमिनीलगत येत होती. सांबर जागीच थबकलं. तेवढ्यात वरून वानर जिवाच्या आकांताने ओरडू लागला, नव्या हाकेत. तो 'ये' म्हणतो आहे की 'पळ'? सांबराला कळेना. कान टवकारून ते तिथेच उभं राहिलं.

गवत हललं. धुकं विरलं तेव्हाही वानर हाका देतच होता. खाली ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य : राखणदाराने सोडून दिलेली हाक पुढे कोण देईल, ते सांगता येत नाही, म्हणून मुदत आहे तोवर नवं शिकून घ्यावं.