नवी मान आणि जुनं धड

विजेवरची गिटार मिरजेत नवलाची होती, तेव्हाची ही गोष्ट. शाल्मलीच्या स्वस्त गिटारची मान वाकली आणि सूर बिघडले. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या इरफानचाचांनी ती मान काढून नवी आणली.

ड्रिल पाहताच नवी मान ओरडली, "या हलक्या धडासाठी मी अंगाला भोकं पाडून घेऊ?"

"मी हलकं आहे खरं," धड म्हणालं. "पण स्क्रूशिवाय तू नुसती टेकशील. तारा ताणल्या की निखळशील. दुखलं, तर मला घट्ट धर."

मान धडाच्या खाचेत टेकली आणि म्हणाली, "पाडा, चाचा."

स्क्रू बसले, तारा चढल्या. शाल्मलीनं पहिली तार छेडली. सूर धडातून निघाला आणि मानेच्या टोकापर्यंत झिणझिणत गेला.

"हा तुझा सूर, की माझा?" मानेनं विचारलं.

धडही अजून त्याच सुरानं झिणझिणत होतं.