जाळीमावशी आणि करंज

फार वर्षांपूर्वी, रस्त्यावर गाड्यांपेक्षा शेळ्या जास्त होत्या तेव्हा, एका गावात बाग मंडळ निघालं. मंडळाची माणसं शाळेच्या वाटेवर झाडं लावत आणि उन्हाळाभर घागरीनं पाणी घालत. पहिल्या करंजाच्या रोपाभोवती त्यांनी लोखंडी जाळी उभी केली. तिच्यावर मंडळाचं नाव होतं. दर दिवाळीला तिला नवा रंग मिळे.

जाळीनं काम चोख केलं. चांदी नावाची शेळी रोज यायची, नाक खुपसायची आणि उपाशी परत जायची.

करंज वाढला. इतका, की जाळीची वरची कडी त्याच्या सालीत रुतली.

"मावशी, दुखतंय. आता सोड की," करंज जाळीला म्हणाला.

"बाहेर चांदी आहे."

"तिला दात कुठे राहिलेत?"

"हिरड्या आहेत ना."

त्या उन्हाळ्यात करंजाचा शेंडा वाळला. पानं जाळीच्या पायाशी पडली. इतकी वर्षं जाळी शेळीकडे बघत होती, झाडाकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

पाऊस लागला तेव्हा तिनं अंगावरचा रंग सोडून दिला आणि गंज चढू दिला. श्रावणात कडी तुटली. जाळी बाजूला कलंडली.

दुपारी चांदी आली. तिनं बुंध्याला पाठ घासली आणि सावलीत बसली.

"काय जाळीबाई, आज सुट्टी?"

"हो," जाळी म्हणाली. "जरा सरकून बस. त्याच्या मुळांवर बसलीयेस."