सगुणामाईची पंगत

ऐका. देवळावर कौलंही चढली नव्हती, नुसतं गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. खडकओढ्याचं देऊळ, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचं हो. पीक घरी आलं की हंगामाच्या सणाला सगळी मंडळी एकत्र प्रार्थना करायची, एका चुलीवरचं अन्न खायची, आणि जेवायला मात्र दोन पंगती. एक वरच्या आळीची, एक खालच्या. बाप्तिस्म्याचं पाणी एकच, पण डोक्यातली जात काही त्यानं धुतली गेली नव्हती. सांगताना लाज वाटते, पण होतं ते होतं.

स्वयंपाक वरच्या आळीच्या सगुणामाईचा. तिच्या कालवणाच्या वासानं ओढ्यापलीकडच्या गावाला भूक लागायची, असं म्हणतात. तिची एकुलती एक लेक रिबका. तिनं खालच्या आळीतल्या शांतवन सुताराशी लग्न केलं. पाळकसाहेबांनी ते लावलंही. पण वरच्या आळीनं सांगून टाकलं, पोरगी आता तिकडची.

माई दोन्ही पंगतींना वाढायची. लेकीच्या पानाशी आली की भाकरी ठेवायला जरा जास्तच वेळ लावायची. दर सणाला ती मंडळीचे पंच दाजीबा यांना विचारायची, "बाबा, यंदा लेकीशेजारी बसू का?"

"पुढच्या सणाला बघू," दाजीबा म्हणायचे.

माईच्या घरात दोन मुलगे लग्नाचे. आळीनं वाळीत टाकलं तर त्यांना मुलगी कोण देणार? माई आपल्या आळीच्याच पंगतीत जाऊन बसायची. अशी वर्षं गेली आणि एका पावसाळ्यात रिबका तापानं गेली.

सण आला. नको नको म्हटलं तरी माई चुलीपाशी बसलीच. त्या दिवशी ती कालवणात मीठ घालायला विसरली, तरी ते सगळ्यांना खारट लागलं, असं म्हणतात. रांजणातलं पाणीसुद्धा खारट. दोन्ही पंगतींत कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

मग माईनं दोन पंगतींच्या मधोमध दोन पानं मांडली, दोन्ही वाढली आणि एकावर स्वतः बसली.

दाजीबा म्हणाले, "माई, ही काय बसायची जागा झाली?"

"विचारत राहिले, बाबा, तिथंच चुकलं माझं," माई म्हणाली. "आता ज्याला वाळीत टाकायचं त्यानं टाकावं. माझी पोर काही परत येत नाही." आणि ती भर पंगतीत धाय मोकलून रडली. मान वर करायची कुणाची छाती झाली नाही.

खालच्या पंगतीत मार्था नावाची एक सून होती, आईविना वाढलेली. ती उठली आणि माईशेजारच्या पानाशी येऊन उभी राहिली. "माई, मी जेवू इथं?"

माईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. त्याच घासाला कालवणाची चव परत आली, असं म्हणतात. मग माणसं आपापली पानं उचलून त्या दोघींच्या अल्याडपल्याड येऊन बसली. दाजीबा सगळ्यात शेवटी आले. माईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचा सण माईला दिसला नाही.

खडकओढ्याला आजही हंगामाच्या सणाला माईच्या नावानं एकच पंगत बसते. देवळात मावली नाही तर दारातून बाहेर, थेट ओढ्यापर्यंत जाते. आधी लेकी बसतात, त्यांच्या शेजारी त्यांच्या आया. जिची लेक गेली, ती एखाद्या आई नसलेलीच्या शेजारी जाऊन बसते. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.