तनुजा ‘छान’ म्हणाली

एकदा एक तरुण शिक्षिका डोंगरकडेच्या एका वस्तीवर शाळा सांभाळत होती. शाळा ती केवढी? एक खोली, एक ओटा, चार इयत्ता आणि एकोणीस लेकरं. बाई मनापासून शिकवायच्या. पण गेले अकरा दिवस त्यांच्या पोटात भीतीचा गोळा बसला होता.

झालं होतं असं. शाळेला बारा टॅब मिळाले होते. त्यात अभ्यासाचं कोणतं ॲप घालायचं, हे ठरायचं होतं. विकणाऱ्या व्यापाऱ्यानं एक ॲप आठवडाभर वापरून बघायला दिलं. त्यात एक वाघ होता. पडद्यावर प्रश्न यायचा, कोपऱ्यात घड्याळ टिकटिक करायचं आणि लांबून वाघ धावत यायचा. उत्तर आलं तर वाघ धूम पळायचा. चुकलं, नाहीतर उशीर झाला, तर तो डरकाळी फोडून झेप घ्यायचा आणि सगळा पडदा लालभडक व्हायचा.

पोरं नुसती वेडी झाली. तिसरीतला संग्राम तर टॅब खाली ठेवीना. पण त्याच वर्गातल्या तनुजाचा पडदा पहिल्याच दिवशी पाच वेळा लाल झाला आणि पोरं ओरडली, “तने, खाल्ली गं तुला वाघानं! हाडंबी न्हाई ऱ्हायली!” वर्ग हसला. बाईंनी दटावलं आणि मग तनुजाला जवळ घेऊन विचारलं, “आवडलं ना तुला?”

तनुजा म्हणाली, “हो बाई. छान आहे.”

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

बाई तिच्या घरी गेल्या. आई दारातच म्हणाली, “काय सांगू बाई, शाळंचं नाव काढलं की लेकरू चुलीमागं जाऊन बसतंय. पोटात दुखतं म्हणतंय. झोपेत ‘आला, आला’ म्हणून दचकतंय. माझी थोरली अशीच चौथीत शाळंतनं घरी बसली, ती बसलीच. आता हीबी…” पुढचं तिनं पदरात पुसून टाकलं.

आणि आता व्यापारी येणार होता. एकदा का बाईंची सही झाली, की दोन वर्षं तेच ॲप. वस्तीतल्या मंडळींनी तर सांगूनच टाकलं होतं, “पोरांना वाघाचं आवडलंय, तेच घ्या की. विचार कसला करायचा त्यात?” बाईंना वाटे, आपण सही केली तर एका लेकराची वाट आपल्याच हातानं बंद होईल. आणि नाही केली, तर अठरा जणांचा हिरमोड. बरं, दुसरं घेतलं आणि तेही चुकलं तर? शेवटी त्यांनी आपल्या लहानपणीच्या गुरुजींना सगळं कळवून बोलावणं धाडलं. गुरुजी ऐंशीला टेकलेले. काठी टेकत, एसटीनं आले.

व्यापारीही वेळेवर आला. माणूस गोड बोलणारा. त्यानं टेबलावर तीन टॅब मांडले आणि म्हणाला, “गुरुजी, हे वाघाचं, एकदम हिट. हे दुसरं जरा साधं आहे. प्रश्न वाचून दाखवतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं, पुन्हा ऐकायचं तर पुन्हा ऐकवतं. आणि हे तिसरं बघा, यात प्रत्येक मुलाचा आलेख निघतो. साहेब लोक खूश होतात.”

“मग ते साहेबांनाच द्या,” गुरुजी म्हणाले. “त्यांचा अभ्यास मागं राहिला असेल.”

पोरं खिदळली. व्यापारीही हसला, पण कसनुसं.

मग गुरुजींनी मोठी विलक्षण गोष्ट केली. बाईंना म्हणाले, “त्या मुलीला बोलाव. वर्गात नको, ओट्यावर बसू दे. आई शेजारी असू दे.” आणि त्यांनी आपलं स्टूल उचलून दाराशी असं ठेवलं, की टॅबची नुसती पाठ त्यांना दिसावी. व्यापाऱ्यानं पुढं होऊन पडदा त्यांच्याकडं वळवला. गुरुजींनी तो पुन्हा पोरांकडं फिरवला. त्यानं परत वळवला, यांनी परत फिरवला.

“अहो, बघितल्याशिवाय कसं ठरवणार?” व्यापारी म्हणाला.

“बघतोच आहे,” गुरुजी म्हणाले, आणि सतरंजीवरच्या पोरांकडं डोळे लावून बसले.

बाईंचा जीव कासावीस झाला. म्हाताऱ्या माणसाला उगीच त्रास दिला, यांना टॅबमधलं काही उमगत नसावं, आता हा व्यापारी वस्तीभर हसत सांगत सुटेल आणि सही करण्यावाचून आपल्याला गत्यंतर राहणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात तनुजा आली. आईचा पदर मुठीत धरून ओट्याच्या अगदी कडेला बसली. पळायचं झालं तर पायरी जवळ होती.

आत संग्राम वाघाशी खेळत होता. डरकाळी झाली. तनुजा हलली नाही, रडली नाही. व्यापाऱ्यानं दारातून वाकून लाडानं विचारलं, “बाळ, कसा आहे आमचा वाघ?”

“छान आहे,” तनुजा म्हणाली.

“बघा!” व्यापारी म्हणाला.

गुरुजींनी काठी उचलली आणि तनुजाच्या पायांकडं रोखली. बाईंनी बघितलं. लेकराच्या पायाची दहाही बोटं तळव्यात दुमडली होती. इतकी, की नखं पांढरी पडली होती. तोंड ‘छान’ म्हणत होतं आणि पाय जमीन धरून बसले होते.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवशीही हे पाय असेच असणार, आणि आपण तोंडाकडं बघून निश्चिंत झालो!

“तो आवाज बंद करा,” गुरुजी म्हणाले. “आणि ते थांबणारं इकडं द्या.”

तनुजासमोर दुसरा टॅब ठेवला. प्रश्न वाचला गेला. तनुजा लाकडासारखी बसून राहिली. टॅबही थांबला. बराच वेळ गेला. बाईंना वाटलं, आता ही उठणार, पायरी उतरणार आणि संपलं सगळं. पण तनुजानं हळूच एक बोट पुढं करून प्रश्न पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. मग उत्तर दिलं. बरोबर होतं. चौथ्या प्रश्नाला चुकलं, तेव्हा तिनं झटकन कान झाकले. काहीच झालं नाही. टॅब नुसता थांबून राहिला. सातव्या प्रश्नाला तिच्या डाव्या पायाची दुमडलेली बोटं सुटली आणि अंगठा फरशीवर घासू लागला.

तोवर तेच ॲप संग्रामलाही दिलं होतं. त्याचे पाय एव्हाना दाराच्या बाहेर निघाले होते. “आजोबा, ह्यात कायच होत न्हाई,” तो कुरकुरला. “वाघ द्या की!”

“दे त्याला त्याचा वाघ,” गुरुजी हसले. “पण त्याच्या कानाला तो हेडफोन का काय तो भोंगा लावून दे. दुसऱ्याच्या वाघाला कुणी का भ्यावं?”

व्यापारी गडबडला. “नाही नाही, एका शाळेला एकच ॲप लावतो आम्ही. सगळी मुलं एका तक्त्यात दिसली पाहिजेत.”

गुरुजींनी बाईंकडं पाहिलं. बाईंना वस्तीतली मंडळी आठवली, साहेब आठवले. तरी त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“दोन्ही लागतील,” त्या म्हणाल्या. “काहींना हे आणि काहींना ते. आणि नंतर एखाद्याचं बदलावंसं वाटलं, तर बदलून मिळालं पाहिजे. नाहीतर माझी सही नाही.”

व्यापारी फोन घेऊन बाहेर गेला, चिंचेखाली बराच वेळ बोलत राहिला आणि कपाळ पुसत परत आला. “ठीक आहे. तुमच्यासाठी म्हणून.”

सगळे गेल्यावर बाई गुरुजींच्या पायाशी बसल्या. म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही पडदा एकदाही पाहिला नाहीत.”

गुरुजी म्हणाले, “पडद्यात काय आहे ते व्यापारी सांगतो. लेकरात काय चाललंय ते सांगायला व्यापारी येत नाही. पोरी, मी चाळीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात भैरू नावाचा मुलगा होता. मी खड्या आवाजात दरडावून विचारायचो, समजलं का? तो मान डोलवायचा. मला वाटायचं, वा, काय शिकवतो आपण! एक दिवस तो यायचा थांबला. पुढं पंचवीस वर्षांनी बाजारात भेटला. चांगला दाढीमिशीवाला गडी, पोराला खांद्यावर घेतलेला. मी हाक मारली, ‘भैरू!’ आणि त्यानं दोन पावलं मागं घेतली. पाठ भिंतीला लागली त्याची. अजून, पोरी. माझ्या नुसत्या आवाजानं. लहान लेकरू मोठ्यांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ते आपल्याला हवं तेच बोलतं आणि खरं ते अंगात कुठंतरी लपवून ठेवतं. ते शोधायला समोर बसावं लागतं. एकाला धावायला वाघ लागतो. त्याच वाघानं दुसरं गोठून जातं. वाघ वाईट नाही आणि लेकरूही मंद नाही. कुणापुढं काय ठेवायचं, हे ओळखणं आपलं काम. ते यंत्रावर सोपवता येत नाही.”

“पण गुरुजी,” बाई म्हणाल्या, “मी पुन्हा चुकले तर? एकोणीस लेकरं आहेत. उद्या आणखी कुणी ‘छान’ म्हणालं आणि मला कळलंच नाही तर?”

“चुकशील,” गुरुजी म्हणाले. “मग दिसेल, मग बदलशील. ही भीती मी तुझ्यातून काढणार नाही. मला ती नव्हती, म्हणून भैरू शाळेतून गेला.”

त्या संध्याकाळी गुरुजी एसटीनं परत गेले. बाईंची भीती गेली नाही. मात्र ती आता नुसती पोटात बसून राहिली नव्हती, तिला काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, हजेरी झाली. तनुजाच्या नावापाशी बाई थांबल्या. उत्तर आलं नाही. त्यांनी पुढची नावं घेतली, पण आपलाच आवाज त्यांना परका वाटत होता. आणि मग दारात सावली पडली. तनुजा उभी होती. दप्तर छातीशी घट्ट धरलेलं, एक पाय आत आणि एक बाहेर. संग्राम काहीतरी बोलायला निघाला, बाईंनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. बाईंना धावत जाऊन तिला उचलून घ्यावंसं वाटत होतं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वाट पाहिली.

“बाई,” तनुजा म्हणाली, “काल थांबत होतं, तेच आहे का?”

“तेच आहे,” बाई म्हणाल्या.

तनुजानं जरा विचार केला. म्हणाली, “ते वाघाचं मला नाही आवडलं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा दिवसांत इतकं चांगलं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, आणि तनुजानं दुसरा पाय आत घेतला.

शिकवणाऱ्यानं कोणतंही साधन निवडावं, पण ज्या दिवशी लेकरू निर्धास्तपणे ‘आवडलं नाही’ म्हणेल, त्या दिवशी निवड बरोबर झाली असं समजावं.