मोरांचा कामठा

कितीदा सांगायची तीच गोष्ट? तोंड दुखतं माझं. ऐका, आणि मध्ये बोलू नका.

धडगावकडच्या डोंगरात एक जहागीरदार शिकारीला आला. माझा आजा उग्राव्या त्याचा वाटाड्या. आज्याच्या खांद्यावर बाण मारायचा बांबूचा कामठा होता, त्यावर मोर कोरलेले. दुसऱ्या दिवशी माझ्या बापाच्या लग्नात तोच नवरदेवाच्या हातात द्यायचा होता. जहागीरदारानं तो हिसकावला.

"हत्यार आहे की बायकांचा दागिना? हरणाला मोर दिसतात का रे? उत्तर दे, नाहीतर मोडतो गुडघ्यावर."

"सरकार, सकाळपासून किती हरणं मारली?"

"एकही नाही. बसून बसून जीव विटला. सारखा उठत होतो."

"उठलात, म्हणून ती पळाली. बाण क्षणात सुटतो, बाकी दिवस नुसतं बसायचं. मी मोर बघत बसतो, हलत नाही. मोर हरणासाठी नाहीत सरकार, माझ्यासाठी आहेत."

जहागीरदार मोरांकडे बघत राहिला. इतका गप्प, की हरीण समोरच्या ओढ्यावर येऊन पाणी पिऊन गेलं. बंदूक कुणीच उचलली नाही. कामठा लग्नाला पोचला.

अजून तो हातात घेतला की मीसुद्धा गप्प होतो.

ही थाप आहे, असं भर पंचायतीत म्हणणारा दित्या वळवी मात्र अजून माफी मागायला आलेला नाही.